आप्पा मगदूमांचा मतदारसंघ

त्या दिवशी कोल्हापुरात कुठलीच निवडणूक नव्हती. महापालिकेची नव्हती, दूध संघाची नव्हती, एखाद्या पतसंस्थेचीसुद्धा नव्हती. असा दिवस कोल्हापुरात शोधूनच काढावा लागतो. तरीही आप्पा मगदूम भर दुपारी कपाळापासून टकलापर्यंत गुलाल माखून गल्लीच्या तोंडाशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून हातावर पेढा ठेवत होते.

समोरच्या पिठाच्या गिरणीचे मालक गणपतराव पवार आतूनच ओरडले, "आप्पा, नातू झाला काय?"

"न्हाय. मास्तर आलं निवडून!"

"कुठलं मास्तर?"

"नेपाळचं."

गणपतरावांनी पिठाचा हात झटकला, पेढा तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. "एवढ्या लांबनं निवडून आलंया, एका पेढ्यात भागतंय व्हय?"

मी तेव्हा आप्पांच्या वरच्या खोलीत नुकताच राहायला आलो होतो. जिन्यावर उभा राहून मी हे सगळं बघत होतो आणि आपण खोली बदलावी की काय, असा विचार करत होतो. बदलली नाही, हे माझं नशीब.

मी हुपरीचा. आमच्या घरी चांदीचे पैंजण घडवतात. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. बी.ए. झालो, बँकेत लागलो आणि कोल्हापुरात खोली शोधत फिरू लागलो. प्रत्येक घरमालक पगार विचारायचा, लग्न झालंय का विचारायचा. आप्पांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाले, "हुपरीचा न्हवं? मग तिथलं पॅनेल कसं काय फुटलं, सांग बघू."

आमच्या घरी पैंजण घडवता घडवता वडील आणि शेजारी दिवसभर हीच चर्चा करत असत. ती ऐकून ऐकून माझ्या कानावर जे काही होतं, ते मी सगळं सांगितलं. आप्पा मध्येमध्ये "अस्सं!" आणि "मग भावकी कुठं गेली?" एवढंच म्हणत राहिले. माझं बोलून झाल्यावर त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "घरात मटण-अंडं चालायचं न्हाय. बाकी तुझं तू बघ."

शहरात कसं राहायचं, हे मला आप्पांनी शिकवलं. कुठल्या खानावळीत डाळ पातळ असते, इथपासून साहेबासमोर खुर्चीच्या टोकावर न बसता नीट टेकून कसं बसायचं, इथपर्यंत. त्यामुळं पुढचं मी हसत लिहीत असलो तरी मनातून हात जोडूनच लिहितो आहे.

आप्पा सूतगिरणीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी जैन बस्तीत, म्हणजे देवळात, दर्शन, मग चहा, मग गिरणीच्या कट्ट्यावर बैठक, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. या दिनक्रमाच्या मधल्या सगळ्या फटींत नेपाळ भरलेलं असे. मोबाईलवर नेपाळी बातम्या लावायच्या, त्याही सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशा. आमच्या गल्लीतल्या बायका भाजी निवडताना काठमांडूचं मंत्रिमंडळ ऐकत.

लिपी एकच असल्यानं आप्पा नेपाळी बातम्या वाचायलाही शिकले होते. मोजणीच्या दिवसांत तिथल्या बातम्यांत एक मथळा सारखा येतो, 'अग्रता कायम'. म्हणजे अमक्याची आघाडी टिकून आहे. आप्पांना तो इतका आवडला की त्यांनी तो स्वतःलाच लावून घेतला.

"काय आप्पा, तब्येत बरी न्हवं?"

"अग्रता कायम!"

दूध नासलं की म्हणत, "जमानत जफत!" अनामत जप्त होण्याला तिकडं तसं म्हणतात. एकदा वीजबिल चुकीचं आलं म्हणून ते कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी ते दुरुस्त करून दिलं, तर आप्पा हात जोडून म्हणाले, "बाई, तुमची अग्रता कायम राहू दे." बाईंनी घाबरून वरिष्ठांना बोलावलं.

आता मुद्द्याचं सांगतो. आप्पांना साऱ्या नेपाळशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना डोंगरातला एकच मतदारसंघ माहीत होता. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलं आहे, "तिकडच्या कुणी वाचलं तर उगंच पद्मीला तरास."

पद्मा ही आप्पांची एकुलती मुलगी. मिरजेच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. तिथंच प्रयोगशाळेत काम करणारा कमल नावाचा नेपाळी मुलगा तिला भेटला. लग्न झालं. कमलची आई गावी एकटी पडली, म्हणून दोघं त्याच्या गावी गेली आणि तिथल्या सरकारी आरोग्य चौकीत पद्मा कामाला लागली. आप्पांनी लग्नाला नाही म्हटलं नाही, हो असंही म्हटलं नाही. "पावणं कुठल्या गटाचं हायत?" एवढंच विचारलं होतं म्हणे.

पद्माचं गाव नदीच्या पलीकडं. नदीवर माणसांना आणि खेचरांना जाता येईल असा तारांचा झुलता पूल आहे. गाडीचा रस्ता अलीकडच्या काठाला संपतो. गाडीचा पूल व्हायचा आहे. तो कधीपासून व्हायचा आहे, हाच त्या मतदारसंघाचा इतिहास. आणि तो पूल झाला की जीप थेट लेकीच्या दारात नेऊन उभी करायची, हा आप्पांचा बेत.

"एकदा पूल होऊ दे," आप्पा म्हणायचे. "मग दोन-दोन म्हैनं तिकडंच. तू हितं झाडांना पाणी घालायचं."

कट्ट्यावर हा इतिहास आप्पा कुणी विचारो न विचारो सांगायचे. आधी राजाच्या अमलातला काळ. तेव्हा पक्षांना बंदी, माणूस उभा राहायचा तो आपल्या नावावर. मग आंदोलन झालं, पक्ष आले आणि पहिल्यांदा जमीनदार निवडून आला. त्यानं नदीकाठी पुलाची कोनशिला बसवली. मग बंदुकांची वर्षं आली, निवडणुका थांबल्या. मग राजाच गेला. नवी घटना आली. जिल्ह्यात दोन जागा होत्या, त्यांची एक केली.

"हितंच घोळ झाला," आप्पा मांडीवर थाप मारून म्हणायचे. "आमची बाजू पडली नदीपल्याड. मतं सगळी अल्याड. मग आम्हाला कोण विचारतंय?"

"आमची म्हंजे?" गणपतराव डोळा बारीक करत.

"आमचीच की. लेक दिलीया तिथं."

तिथली सगळी माणसं आप्पांनी कोल्हापुरी करून घेतली होती. "जमीनदार म्हंजे कारखान्याचं जुनं चेअरमन समज. ठेकेदार म्हंजे त्येंचा पुतण्या. चुलत्याचं पाय धरून वर चढला आन् वर गेल्यावर पायच वडला. त्यानं दुसरी कोनशिला बसवली, पहिलीच्या शेजारी. आता दोन्हीवर शेळ्या बसत्यात."

"आन् मास्तर?"

मास्तरांचं नाव निघालं की आप्पांचा आवाज मऊ व्हायचा. कमलला शाळेत शिकवलेले हे गृहस्थ दर खेपेला उभे राहायचे, दर खेपेला पडायचे. "मास्तर म्हंजे आपल्यातलं. घरचा माणूस. पूल करणार तर मास्तरच." ते शेवटी एकदाचे निवडून आले, तोच तो गुलालाचा दिवस. त्यानंतर आप्पांनी नवी पिशवी आणली, स्वेटर आणला आणि वाट बघत बसले. वर्षाच्या आत मास्तरांनी तिसरी कोनशिला बसवली.

"एका पोराचं तीनदा बारसं," गणपतराव म्हणाले, "आन् पोरगं अजून जन्माला न्हाय."

आप्पा त्यावर दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. दळण मात्र त्यांच्याकडंच टाकलं.

तिथली मोजणी आप्पांना फार पसंत होती. कागदी मतपत्रिका, मतपेट्या डोंगरावरून खाली यायच्या, मग हातानं मोजायच्या, त्यात दिवसचे दिवस जायचे. "बटण दाबलं की निकाल, ह्यात काय राम हाय? माणसाला जीव टांगून बसाय येळ पायजे." आणि मतपत्रिकेवर जो शिक्का मारतात, तो स्वस्तिकाचा असतो, हे कळल्यावर आप्पा थेट बस्तीत गेले. पूजेच्या ताटलीत काढतात तेच स्वस्तिक परदेशात लोकशाहीच्या कामाला येतं, हे त्यांनी पंडितांना आणि दर्शनाला आलेल्या चार बायकांना समजावून सांगितलं. "बघा, आपलं कुठवर पोचलंया!" मोजणी ऐन रंगात आली आणि सूर्य मावळतीला गेला, तर मात्र आप्पा फोन बंद करून ताटावर बसायचे. मास्तर पुढं असोत की मागं, ते दिवस मावळल्यावर जेवायचे नाहीत.

दर रविवारी सकाळी पद्माचा फोन यायचा. आप्पांना ऐकायला कमी येत असल्यानं फोन स्पीकरवर असायचा, आणि मी वर असलो तरी सगळं ऐकू यायचं. ऐकू येऊ नये म्हणून मी कानात बोळे घालायचो असं नाही. बापलेकीत दुसरं बोलणंच नव्हतं. सगळं राजकारण.

"आप्पा, आठवडाभर ताप होता मला."

मग आप्पा विचारायचे, "मग प्रचाराला कोण आलतं का?"

"कोण येतंय? पावसानं रस्ता खचलाय."

"खचलाय? मग गोळ्या कुठनं आल्या?"

"खेचरावरून आणल्या."

"रस्ता ठेकेदाराच्या राज्यातला, मग हेच व्हायचं. डोंगरातली माती काढली, भिंत बांधली न्हाय. आन् आता ताप हाय का उतरला?"

"उतरला."

"मग विरोधकांचं काय म्हणणं हाय?"

पद्मा एकदा दिवाळीला आली होती. कमलला रजा नव्हती, ती एकटीच आली. घर झाडलं, डबे घासले, आप्पांच्या सदऱ्यांना गुंड्या लावल्या. एका संध्याकाळी आप्पा जेवत असताना ती जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. मला ती दादा म्हणते.

"दादा, आमच्या घराबद्दल आप्पा काय सांगतात तुम्हाला?"

मी म्हणालो, "आप्पा एकदा येऊन गेलेत न्हवं? घर प्रशस्त आहे, पाहुणचार झकास झाला, असं कट्ट्यावर सगळ्यांना सांगतात."

ती हसायला लागली. मग हसता हसता थांबली. "आप्पा आमच्या घरी आलेच नाहीत."

लग्नानंतर वर्षभरानं आप्पा निघाले होते. रेल्वे, मग सीमेवरून बस, मग जीप. बरोबर भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि काकवीचा डबा. नदीच्या काठाला पद्मा आणि कमल न्यायला आले होते. आप्पा दिमाखात झुलत्या पुलावर चढले. दहा-पंधरा पावलं गेले असतील नसतील, पूल हलला. खाली पाणी फेसाळत चाललेलं. त्यात पलीकडून घुंगरं वाजवत खेचरांची रांग आली. आप्पा होते तिथं मांडी घालून बसले, दोन्ही बाजूच्या तारा घट्ट धरल्या आणि डोळे मिटून णमोकार म्हणायला लागले.

"पुढं येईनात, मागं जाईनात," पद्मा म्हणाली. "खेचरंवाला शिव्या घालतोय, मागं माणसं खोळंबली. कमलनं पाठीवर घेतो म्हटलं, तर म्हणाले, जावयाच्या पाठीवर बसायची माझी औलाद न्हाय. शेवटी खेचरं उलटी नेली आणि आप्पा बसल्या बसल्या मागं सरकत काठाला आले."

मला हसू आलं आणि ते मी गिळलं.

"मग?"

"मग काय. मी घरी जाऊन जेवण डब्यात भरून आणलं. काठावर एक खोपट आहे चहाचं, तिथं बसून जेवलो. दिवस मावळायच्या आत. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा नेला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता निघतो, झाडं वाळतील." पद्मा पायरीवरची माती नखानं खरवडत होती. "घर डोंगराच्या मागल्या अंगाला आहे. काठावरनं दिसतसुद्धा नाही. जाताना जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाले, पद्मे, हितला आमदार कोण हाय गं?"

आतून आप्पांची हाक आली, "काय चाललंय तिकडं? कुणाची युती?"

"काही नाही आप्पा," पद्मा म्हणाली आणि उठून आत गेली.

नंतर पद्माला तिथली नागरिकता मिळाली. इथल्या मतदार यादीतलं नाव गेलं, तिथल्या यादीत लागलं. हे ती फोनवर चाचरत सांगत होती. आप्पा म्हणाले, "हिकडं एक मत कमी झालं, तिकडं एक वाढलं. बेरीज तीच." त्या दिवशी मात्र ते कट्ट्यावर गेले नाहीत. दुपारभर कुंड्यांची जागा बदलत राहिले. या भिंतीजवळच्या त्या भिंतीजवळ, आणि परत.

दुसऱ्या दिवशी नवाच उत्साह. इतकी वर्षं आप्पा या मतदारसंघाचा लांबून अभ्यास करत होते. आता तिथं त्यांचं एक हक्काचं मत झालं होतं.

आमच्याकडं घरचं मत ही काय चीज आहे, हे बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. हुपरी असो की कागल, निवडणूक आली की कार्यकर्ता माणसाला विचारत नाही, "तुमच्या घरात मतं किती?" असं विचारतो. घरातला मोठा माणूस सांगेल तिकडं सगळी मतं जातात. मगदूमांच्या घरात तर हा धर्मच होता. "माझ्या बापापासनं," आप्पा छाती पुढं काढून सांगायचे, "आमच्या घरात मत फुटल्यालं न्हाय."

त्यामुळं यंदा नेपाळात निवडणूक लागली तेव्हा आप्पांनी दर रविवारी फोनवरून प्रचार केला. मास्तर पुन्हा उभे होते. ठेकेदार उभा होता. शिवाय देवकी नावाची एक वयस्क बाई होती. गावोगाव फिरून लसी देणारी, कुठल्या मोठ्या पक्षाचा पाठिंबा नसलेली.

"शिक्का नीट मार. दुसऱ्या खान्यात जाता कामा नये."

"हो आप्पा."

"सासूबाईंचं मत?"

"त्यांचं त्या बघतील."

"बघतील म्हंजे? घरात चर्चा करा. पावण्यांना सांग, मास्तर म्हंजे पूल. तीन कोनशिला झाल्या, आता चौथ्याला खांबच. पूल झाला की मी आलोच. मार्चात या म्हण, मार्चात येतो. पावसात या म्हण, पावसात."

"हो आप्पा," पद्मा म्हणायची. तिचा हो प्रत्येक रविवारी थोडा बारीक होत चालला होता, असं मला वाटायचं. आप्पांना तो ऐकू येत नसावा.

मतदान झालं. मोजणी सुरू झाली. मास्तर पुढं, मग ठेकेदार पुढं, मग परत मास्तर. आप्पा कट्ट्यावर फोन मांडीवर घेऊन बसायचे. गणपतरावांनी गिरणीचा पट्टा थांबवून ठेवला होता, आवाज नको म्हणून. गिऱ्हाईकानं कुरकुर केली की ते म्हणायचे, "थांबा की पावणं. आप्पांच्या पुलाचं चाललंय."

मास्तर पडले. फार नाही, थोडक्यात. ठेकेदार आला. देवकीबाईंची अनामत गेली.

"आप्पा," गणपतराव हळूच म्हणाले, "ठेकेदार बी पूलच करतो म्हणालाय न्हवं?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "म्हणालाय." आणि पिशवी उचलून घरी गेले. मागून गणपतरावांनी पट्टा चालू केला, पण जात्यात दाणे टाकायचं विसरले. जातं तसंच रिकामं खडखडत राहिलं.

त्या रविवारी मी खालीच होतो. आप्पांनी मला चहाला बोलावलं होतं. फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि खुर्चीत ताठ बसले.

"मास्तर पडलं," आप्पा म्हणाले.

"हो आप्पा." मागं कोंबड्या ओरडत होत्या. "आप्पा, एक सांगायचं होतं. रागावू नका. मी मास्तरांना मत दिलं नाही."

आप्पांनी फोनकडं बघितलं. "ठेकेदाराला दिलंस?"

"नाही. देवकीदीदीला."

"ती म्हातारी? तिला कोण मत देतंय?"

"मी दिलं."

"पद्मे," आप्पांचा आवाज चढला, "आपल्या घरात मत फुटत न्हाय."

"आप्पा, ते तिकडलं घर. हे इकडलं."

मी बशीतला चहा तसाच धरून बसलो. उठावं तर खुर्ची वाजेल, बसावं तर हे ऐकावं लागतंय.

पद्मा आता भराभर बोलत होती, आधी मनात घोळवून ठेवल्यासारखी. "दीदीनं पुलाचं नावच काढलं नाही. बाकी सगळ्यांनी काढलं. ती म्हणाली, चौकीत बाळंतिणीला एक खोली बांधून देते आणि तिथं दिवा लावून देते. बास, एवढंच. गेल्या पावसात मी तोंडात बॅटरी धरून बाळंतपण केलंय, आप्पा. दोन्ही हात गुंतलेले, बोलता येत नव्हतं. बाई विचारतीय, मुलगा की मुलगी, आणि मी नुसती मान हलवतीय. तिला वाटलं, मूल गेलं." ती थांबली. "सासूबाई म्हणतात, त्या नवरी होऊन आल्या त्या दिवसापासून पूल होतोय. त्यांनी पण दीदीलाच दिलं."

चष्मा काढून आप्पांनी धोतराच्या सोग्याला पुसला, घातला, परत काढला.

"मूल बरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे. दात आलेत."

"हं."

मग त्यांनी विचारलं, "पूल काय होत न्हाय म्हंतीस."

"तसं नाही आप्पा. होईल की. पण तुमच्या..." तिनं ते वाक्य तिथंच सोडलं. आप्पांनीही ते पुरं करायला सांगितलं नाही. एरवी ते ठेकेदाराच्या जातीपातीची गणितं मांडायला बसले असते. आता त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि फोनवर इतके वाकले की जणू तिच्या कानातच बोलायचं आहे.

"पद्मे, मला वाट सांग."

"कसली वाट?"

"तुझ्या घराची. पुलावरची न्हको. पूल सपतो, तिथनं म्होरं सांग."

पलीकडं काही क्षण कोंबड्याच बोलत होत्या.

"पूल संपला की... डावीकडं एक दुकान आहे. मीठ, तेल, काडेपेट्या मिळतात."

"हं. मग?"

"मग दगडी पायऱ्या. चढ आहे आप्पा."

"दमानं चल मग. गुडघं हायत माझं."

"दमानंच चाललोय. पायऱ्या संपल्या की पिंपळ लागतो. त्याला पार बांधलाय. लोक पाठीवरचे भारे टेकवतात तिथं."

"टेकूया मग वाईच."

"टेकूया," पद्मा म्हणाली. आप्पांनी खरंच गुडघ्यांवर हात ठेवले होते आणि ते खिडकीतून बाहेर बघत होते. समोर गिरणीची भिंत होती.

"हं, उठ," ते म्हणाले.

"पिंपळापासून उजवीकडं पाण्याची धार आहे. बाया हंडे भरतात. तुम्हाला बघून विचारतील, कोण गं हे? मी सांगणार, माझे बाबा, कोल्हापूरचे."

"पाणी गाळून घ्याय पायजे."

"घरी गाळून ठेवलंय आप्पा. तुम्ही येणार म्हणून." ती नाक ओढत हसली. "मग मक्याची शेतं. मधनं पायवाट."

"कुत्रं-बित्रं?"

"एक आहे. भुंकतं, चावत नाही. आता वळण घेतलं की आमचं अंगण. सासूबाई उन्हात बसल्यात. कमल चौकीत गेलाय. निळं दार दिसतंय का, तेच."

"दिसलं," आप्पा म्हणाले.

"या आप्पा, आत या. चौकट ठेंगणी आहे, वाकून या."

आणि खुर्चीत बसल्या बसल्या आप्पा वाकले.